घसा धरू नये म्हणून: भुलीनंतरच्या घसादुखीचं नागपुरातलं एक प्रकरण

रुग्ण स्त्री, वय 38, वजन 58 किलो, उंची 152 सेंटीमीटर. नागपुरातल्या एका मराठी शाळेत शिक्षिका. पित्ताशयात खडे, तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ. ठरलेली शस्त्रक्रिया: दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, पूर्ण भूल देऊन. रक्तदाब, साखर, थायरॉइड ठीक. दमा नाही, तंबाखू नाही. फक्त रात्री झोपल्यावर छातीत जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येतं, असं विचारल्यावर सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

कागदावर इतकं साधं प्रकरण दुसरं नसावं. पण भूलपूर्व तपासणीला खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी जे सांगितलं, त्यामुळे ते लिहावंसं वाटलं. "पोटाचं सर्जन पाहून घेतील जी, तुम्ही माझ्या घशाचं पाहा. मागच्या टायमाले घसा असा धरला होता की थुंकी गिळता येत नव्हती."

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी त्यांचं अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन झालं होतं. पोटाची जखम लवकर भरली. घसा मात्र चार-पाच दिवस ठणकत राहिला आणि आवाज घोगरा झाला तो पुढचे दोन-तीन आठवडे तसाच. शाळेत फळ्यावर लिहून आणि हाताने खुणा करून वर्ग सांभाळला. तिथल्या डॉक्टरांनी "नळी टाकली की होतंच असं" एवढंच सांगितलं. पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तेव्हा त्यांनी ती वर्षभर पुढे ढकलली, कारण घशाची भीती. शेवटी मे महिन्यात तारीख घेतली. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, तोवर आवाज परत येईल असा हिशेब.

पित्ताशयाचे खडे असलेल्या माणसाने वर्षभर कळा सोसाव्यात आणि त्याचं कारण घसादुखीची भीती असावी, हे मला गंभीर वाटतं. भूलशास्त्रात ही तक्रार "किरकोळ" या सदरात टाकायची सवय आहे. जीव धोक्यात येत नाही, बहुतेकांची दोन दिवसांत जाते, मग कोण विचारतो? पण ज्याचं पोट आवाजावर चालतं त्याला विचारा. शिक्षक, कीर्तनकार, कळमन्याच्या बाजारात बोली लावणारा अडत्या, कोर्टात युक्तिवाद करणारी वकील. यातल्या कुणालाही ती किरकोळ नाही.

किती जणांना होतं, आणि कशाने

श्वासनलिकेत नळी घालून भूल दिलेल्यांपैकी 14 ते 50 टक्के लोकांना नंतर घसा दुखतो, असं 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात आकडे आहेत. श्वासनलिकेत न उतरता स्वरयंत्राच्या वरच बसणारा लॅरिंजियल मास्क वापरला तर तेच प्रमाण साधारण 6 ते 34 टक्के. हा पट्टा इतका रुंद का, याचं उत्तर सोपं आहे. कोणी कसं विचारलं, केव्हा विचारलं आणि नळी कोणी कशी घातली, यावर आकडा हलतो. रुग्णाला थेट "घसा दुखतो का?" असं विचारलं की जास्त जण हो म्हणतात. नुसतं "काही त्रास?" विचारलं की पोटाच्या टाक्यांपुढे घशाची आठवण राहत नाही.

स्त्रियांना हा त्रास पुरुषांपेक्षा जास्त होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यांचा कंठ आणि श्वासनलिका आकाराने लहान असते, आणि आपण नळी मात्र बरेचदा सवयीने मोठी निवडतो. तरुण वय, धूम्रपान, लांबलेली शस्त्रक्रिया, नळी घालताना एकाहून जास्त प्रयत्न आणि जागं होताना नळीवर खोकत राहणं, या सगळ्यांनी धोका वाढतो. पालथं झोपवून केलेल्या किंवा मानेच्या ऑपरेशनांतही वाढतो.

घशाला इजा होण्याच्या जागा तीन. पहिली जिभेच्या मुळाशी आणि घशाच्या मागच्या भिंतीला, जिथे लॅरिंगोस्कोपचं, म्हणजे घशात पाहून नळी घालायच्या उपकरणाचं, पातं टेकतं आणि सक्शनची नळी टोचते. दुसरी स्वरयंत्रात, जिथे नळी स्वररज्जूंच्या मागच्या भागाला घासत राहते. आवाज बसतो तो मुख्यतः इथल्या सुजेमुळे. तिसरी जागा श्वासनलिकेत, जिथे नळीच्या टोकाजवळचा फुगा, म्हणजे कफ, भिंतीला दाबून बसतो. रुग्ण तिघांनाही "घसा" म्हणतो, आणि त्यात चूक काहीच नाही. पण उपाय शोधायचा तर या तीन जागा वेगळ्या धराव्या लागतात.

बाईंच्या जुन्या फाइलमध्ये भुलीचा कागद सापडला, हे नशीब. त्यावर नळीचा नंबर 8 लिहिला होता. कफमध्ये किती दाब होता याची नोंद नव्हती. ती बहुतेक फाइलींत नसते. तातडीचं ऑपरेशन, पोट भरलेलं, अशा वेळी पोटातलं फुफ्फुसात जाऊ नये म्हणून घाईने नळी घालून कफ घट्ट फुगवावा लागतो. त्या भूलतज्ज्ञाने काय परिस्थितीत काम केलं हे मला दुरून ठरवता येणार नाही. एवढं मात्र कळलं की 152 सेंटीमीटर उंचीच्या बाईला 8 नंबरची नळी मोठी होती.

बेत

पहिला प्रश्न बाईंच्या मिस्टरांनीच विचारला: नळी टाळता येत नाही का? रास्त प्रश्न. लॅरिंजियल मास्कच्या नव्या पिढीतल्या साधनांना जठरापर्यंत नळी सोडायला वेगळी वाट असते, आणि निवडक रुग्णांत त्यांच्यावर पित्ताशयाचं दुर्बिणीतलं ऑपरेशन होतं. पण इथे आंबट पाणी वर येण्याचा इतिहास होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्या दाबाने जठरातलं आणखी वर सरकू शकतं. ते फुफ्फुसात गेलं तर घसादुखी आठवणारही नाही असं संकट उभं राहील. म्हणून नळीच घालायची, पण घशाचा विचार करून घालायची, असं आम्ही तिघांनी मिळून ठरवलं.

मग तोंड पाहिलं. तोंडात तीन बोटं उभी मावत होती, मान मागे छान झुकत होती, पडजीभ पूर्ण दिसत होती. नळी पहिल्या प्रयत्नात जाईल असा अंदाज.

इथे नागपूरच्या भूलतज्ज्ञांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बायकाही खातात, फक्त पटकन सांगत नाहीत. सुपारीमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली तंतू घट्ट होत जातात आणि तोंड उघडणं कमी होतं. दोन बोटंही न मावणाऱ्या तोंडात पातं घालायचं म्हणजे दात, ओठ, घसा, सगळ्यालाच झळ. अशा रुग्णाला जागेपणीच घसा बधिर करून दुर्बिणीने नळी घालण्याचा बेत आधीच ठरवावा. आत गेल्यावर चार प्रयत्न करण्यात रुग्णाचं नुकसान आहे. "खर्रा खाता का?" हा प्रश्न "दमा आहे का?" इतकाच नेमाने विचारायला हवा, आणि तोंड प्रत्यक्ष उघडायला लावायला हवं.

उपासाबद्दलही बोलणं झालं. सासूबाईंनी आदल्या संध्याकाळपासून पाणीसुद्धा द्यायचं नाही असं घरी ठरवून टाकलं होतं. नागपूरचा मे, रात्रभर कूलरची हवा, सकाळी आठची वेळ आणि बारा तास पाणी नाही, म्हणजे घसा ऑपरेशन टेबलावर पोचण्याआधीच सुकलेला. साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास आधी थांबवायचं. हे मी कागदावर लिहून दिलं, वेळ घालून: सकाळी सहाला एक पेला पाणी. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

सासूबाईंच्या पिशवीतून ज्येष्ठमधाची कांडी निघाली. "हे चघळू देऊ का जी तिले?" ऑपरेशनच्या सकाळी चघळू नका, तंतू घशात राहतील आणि रस पोटात जाईल, असं म्हटलं. पण ज्येष्ठमध पिशवीत परत ठेवायला सांगितलं नाही, कारण त्या बरोबर दिशेने चालल्या होत्या. लखनौच्या संजय गांधी संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी 2009 साली कंबरेच्या मणक्याच्या ऑपरेशनच्या 40 रुग्णांवर अभ्यास केला. भूल देण्याच्या पाच मिनिटं आधी अर्धा ग्रॅम ज्येष्ठमध 30 मिलीलिटर पाण्यात मिसळून गुळण्या करायला लावल्या, आणि घसादुखी कमी झाली. 2013 साली व्हिएन्नाच्या गटाने हाच प्रयोग 236 रुग्णांवर केला. ते छातीच्या ऑपरेशनचे, दुहेरी पोकळीची जाड नळी घातलेले रुग्ण होते, म्हणजे घशाची सगळ्यात कठीण परीक्षा. तुलनेला साखरेच्या पाण्याच्या गुळण्या होत्या. ज्येष्ठमधाच्या गटात घसा दुखण्याचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. आजीच्या बटव्यातली गोष्ट तपासून पाहिली आणि ती खरी निघाली, याचा मला मनापासून आनंद आहे. गुळणी करून थुंकायची, गिळायची नाही, हे मात्र पक्कं. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं.

दुसरे पर्यायही आहेत. 40 ते 50 मिलिग्रॅम केटामाइन 30 मिलीलिटर सलाइनमध्ये मिसळून गुळणी, मॅग्नेशियमची वाफ किंवा गोळी, बेंझिडामाइनची गुळणी. सगळ्यांच्या बाजूने पुरावा आहे. केटामाइनची चव कडू, आणि बाईंना मळमळ पटकन होते, म्हणून ते सोडलं. सगळंच एकावर एक द्यावं असं मला वाटत नाही. औषधांची यादी लांबली की हातातल्या कामावरचं लक्ष उडतं, आणि घसा खरा वाचतो तो हातांमुळे.

टेबलावर

नळी 7 नंबरची घेतली, म्हणजे आतला व्यास 7 मिलिमीटर. तासा-दीड तासाच्या ऑपरेशनात व्हेंटिलेटर श्वास देत असताना लहान नळीचा अडथळा जाणवत नाही. नळी जितकी बारीक तितकी ती स्वररज्जूंना कमी घासते, एवढा सरळ हिशेब. काही अभ्यासांत स्त्रियांना 6 नंबरची नळीही पुरली आहे.

नळीला पाण्यात विरघळणारी साधी जेली लावली. लिग्नोकेन जेलीची सवय अनेकांना आहे, पण तिच्या फायद्याचा पुरावा एकसारखा नाही. 10 टक्के लिग्नोकेनचा फवारा तर काही अभ्यासांत घसादुखी वाढवणारा ठरला. त्यात अल्कोहोल आणि मेंथॉल असतं, ते कोवळ्या त्वचेला झोंबतं. "बधिर करायचं औषध आहे, म्हणजे दुखणार नाही" हा तर्क इथे फसतो.

गुळणी झाली. प्रोपोफॉल, फेंटानिल, मग स्नायू सैल करणारं अ‍ॅट्राक्युरियम. त्यानंतर घड्याळाकडे पाहत थांबलो, तीन मिनिटं. ही तीन मिनिटं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, फार लांब वाटतात, सर्जन हात धुऊन उभे असतात. पण अर्धवट सैल झालेल्या स्वररज्जूंमधून नळी ढकलणं आणि पूर्ण उघडलेल्या दारातून ती सरकवणं यात घशाच्या दृष्टीने मोठं अंतर आहे. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने पाहत नळी पहिल्याच प्रयत्नात गेली. आतली धातूची तार नळीचं टोक स्वररज्जूंच्या पलीकडे जाताच काढून घेतली, पुढे ढकलली नाही. कफ स्वररज्जूंच्या पुरेसा खाली आहे याची खात्री केली. तो अगदी लगत राहिला तर स्वररज्जूंच्या नसेवर दाब येतो आणि आवाज जातो. झोप लागल्यावर डेक्सामेथासोन 8 मिलिग्रॅम शिरेतून दिलं. ते मळमळ आणि घशाची सूज, दोन्हींवर चालतं. मधुमेह असता तर साखरेचा विचार करावा लागला असता.

आता कफ. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते याच्याबद्दल.

कफमध्ये हवा भरायची पद्धत जवळपास सगळीकडे सारखी. 10 मिलीलिटरची सिरिंज लावायची, हवा ढकलायची, बाहेर लोंबणारा छोटा फुगा दोन बोटांत दाबून पाहायचा आणि "ठीक आहे" म्हणायचं. आमच्या तंत्रज्ञानेही तसंच केलं. हुशार मुलगा आहे, हात चांगला आहे. फुगा दाबला आणि म्हणाला, "बरोबर आहे सर." मी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, लावायला सांगितला. काटा हिरव्या पट्ट्यातून सरळ पुढे गेला आणि 62 वर थांबला.

62 सेंटीमीटर पाणी. असायला हवा 20 ते 30. 1984 साली सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी दुर्बिणीतून माणसाच्या श्वासनलिकेच्या भिंती पाहिल्या होत्या. कफचा दाब 30 च्या वर गेला की भिंतीचा रक्तपुरवठा घटू लागतो आणि 50 ला तो त्या जागी थांबतो, असं त्यांना दिसलं. नखावर बोटाने दाबलं की गुलाबी रंग जाऊन ते पांढरं पडतं ना, तसं श्वासनलिकेच्या आत होतं, फक्त इथे बोट तासभर उचललं जात नाही. माणूस उठल्यावर त्याला तीच जागा ठणकते, आणि आपण म्हणतो, नळी टाकली की होतंच असं.

मॅनोमीटरचं बटण दाबून दाब 25 वर आणला. गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, हवा गळत नव्हती. मघाशी भरलेल्या हवेतली जवळजवळ निम्मी अनावश्यक होती. बोटांनी दाबून दाब ओळखता येत नाही, अनुभवी माणसालाही नाही, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. त्या मुलाला मी रागावलो नाही, रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यालाच काटा पाहायला लावला. दुसऱ्या दिवशीपासून तो स्वतःहून मॅनोमीटर ट्रेमध्ये काढून ठेवू लागला.

एकदा मोजून भागत नाही. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू वापरला तर तो कफच्या पातळ भिंतीतून आत शिरत राहतो आणि दाब तासाभरात चढतो. म्हणून आम्ही नायट्रस घेतलाच नाही, ऑक्सिजन, हवा आणि सेवोफ्लुरेन एवढ्यावर भूल चालवली. पोटात 12 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरल्यावर पुन्हा मोजलं, तर 34. पोट फुगलं की छाती आणि पोटामधला पडदा वर ढकलला जातो, छातीतला दाब वाढतो, श्वास देण्याचा दाबही चढतो, आणि कफही ताणला जातो. थोडी हवा काढून पुन्हा 25. त्याच वेळी छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, कारण पडदा वर सरकताना फुफ्फुसाकडे जाणारा फाटाही वर येतो आणि नळीचं टोक एका बाजूला उतरू शकतं.

सर्जननी जठर रिकामं करायला नाकातून नळी मागितली. आम्ही मास्कने हलक्या हाताने श्वास दिला होता, जठर फुगलेलं नव्हतं. "आधी दुर्बिणीतून पाहू या, लागली तर घालतो," म्हटलं. पाहिलं, लागली नाही. जठराची नळी घशाच्या त्याच वाटेने जाते आणि तीही घासते. गरज असेल तर घालावीच, पण प्रत्येकाला सवयीने नको. सर्जनने ऐकून घेतलं याचं श्रेय त्यांचं.

बाकी ऑपरेशन सरळ झालं, तासाभराच्या आत.

नळी काढताना

घातलेली नळी काढण्याकडे कमी लक्ष जातं. यादीतला पुढचा रुग्ण दारात असतो. रुग्ण शुद्धीवर येताना नळीवर खोकतो, मान हलवतो, आणि त्या प्रत्येक खोकल्याला नळी स्वररज्जूंवर आपटते. पूर्ण झोपेत नळी काढली तर खोकला येत नाही. पण आंबट पाणी वर येणाऱ्या या बाईंना तसं करणं सुरक्षित नव्हतं, त्या जाग्या होऊन स्वतःचा घसा सांभाळू लागल्यावरच नळी काढायची होती. म्हणून मधला मार्ग. शेवटचे टाके पडत असताना लिग्नोकेन शिरेतून, किलोला दीड मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुमारे 85 मिलिग्रॅम. त्याने खोकला बराच दबतो.

सक्शन त्या अजून झोपेत असताना, पाहत पाहत, मऊ नळीने केलं. टणक सक्शन आंधळेपणाने घशात फिरवलं तर पडजिभेला जखम होते, आणि दुसऱ्या दिवशी रुग्ण थुंकीत रक्त पाहून घाबरतो. स्नायूंचं औषध उतरल्याची यंत्राने खात्री केली. उतारा म्हणून निओस्टिग्मिनसोबत ग्लायकोपायरोलेट द्यावं लागतं, त्याने तोंड कोरडं पडतं. हे टळत नाही, पण रुग्णाला आधी सांगितलेलं असलं की तो कोरडेपणाला घसादुखी समजत नाही. हाक मारली, डोळे उघडले, कफमधली हवा पूर्ण काढली, नळी काढली. एकदाच खोकल्या.

नंतर

घशासाठी साधी चार पायऱ्यांची नोंद ठेवतात. 0 म्हणजे काही नाही, 1 म्हणजे विचारल्यावर सांगितलं, 2 म्हणजे स्वतःहून तक्रार केली, 3 म्हणजे जास्त दुखणं आणि आवाजही बसलेला. तासाभराने बाईंचा आकडा 1: "कोरडं कोरडं वाटते, दुखत नाही." सहा तासांनी गिळताना किंचित खवखव, तोही 1. दुसऱ्या दिवशी सकाळी 0, आवाज जरासा जड. तिसऱ्या दिवशी फोनवर बोलल्या तेव्हा आवाज स्वच्छ होता. सांगण्यासारखी तक्रार उजव्या खांद्याची होती. पोटातल्या वायूमुळे पडदा चाळवतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं, ते दोन दिवसांत उतरलं.

यातलं नेमकं कशाने काम केलं, हे एका रुग्णावरून सांगता येत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही. लहान नळी, मोजलेला कफ, पहिल्याच प्रयत्नात गेलेली नळी, डेक्सामेथासोन, ज्येष्ठमध, सगळं एकत्र होतं. माझा कौल विचाराल तर नळीचा आकार आणि कफचा दाब ही दोन कामं आधी, औषधं त्यानंतर. कारण 62 च्या दाबाखाली रक्तपुरवठा थांबलेल्या जागेला कुठलीही गुळणी पोचत नाही.

घरी जाताना सांगितलं: कोमट पाणी घोट घोट, कोमट मिठाच्या गुळण्या, पहिले दोन-तीन दिवस ओरडणं नाही. कुजबुजही नको, कुजबुजताना स्वरयंत्रावर उलट ताण येतो, जेवढं बोलायचं ते सावकाश, नेहमीच्या आवाजात. मिस्टरांनी सावजी रस्सा कधीपासून चालेल ते विचारलं. घशापुरतं बोलायचं तर आठवडाभर तिखट नको, पोटाचं सर्जन सांगतील. आणि काही खुणा लिहून दिल्या, ज्या दिसल्या तर वाट पाहायची नाही. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, धाप, ताप येऊन गिळताना तीव्र दुखणं, छातीत दुखणं, मानेला सूज किंवा दाबल्यावर त्वचेखाली करकर लागणं, पाणी पिताना ठसका लागत राहणं. यातलं काहीही असलं तर लगेच रुग्णालय. नुसता आवाजच घोगरा असेल आणि आठवडा उलटूनही सुधारत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यायचं. स्वररज्जू हलत नसणं किंवा स्वरयंत्रातला छोटा सांधा निखळणं क्वचित घडतं, पण लवकर कळलं तर उपचार सोपा जातो.

त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर मी वेगळी ओळ लिहिली: नळी 7 नंबर, पहिला प्रयत्न, कफ 25 सेंटीमीटर पाणी, आंबट पाणी वर येण्याचा इतिहास. पुढे कधी ऑपरेशन झालं तर तो कागद त्या भूलतज्ज्ञाच्या कामाचा आहे. रुग्णांनी आपल्या भुलीचा कागद मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

मॅनोमीटर नसेल तिथे

हे प्रकरण नागपूरच्या धंतोलीतल्या एका सज्ज ओटीतलं आहे. काटोल, उमरेड किंवा रामटेकच्या छोट्या रुग्णालयात काम करणारे मित्र म्हणतील, आमच्याकडे मॅनोमीटर नाही. मागा, कारण हे साधन एकदा घेतलं की वर्षानुवर्षं चालतं आणि प्रत्येक रुग्णाच्या कामी येतं. ते येईपर्यंत स्टेथोस्कोप तर आहे. तो गळ्यावर, स्वरयंत्राच्या खाली ठेवा. कफ रिकामा असताना व्हेंटिलेटरच्या प्रत्येक श्वासाला हवा गळल्याचा आवाज येतो. अर्धा-अर्धा मिलीलिटर हवा भरत जा, आवाज बंद होतो त्या क्षणी थांबा, सिरिंज काढा. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर पोट फुगवल्यावर पुन्हा एकदा ऐका, थोडी हवा काढून गळती सुरू होते का पाहा आणि आवाज बंद होईल इतकीच परत भरा. नायट्रस चालू असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाने हेच. ही पद्धत मॅनोमीटरइतकी नेमकी नाही, पण दोन बोटांच्या अंदाजापेक्षा खूप चांगली आहे. आणि 7 नंबरची नळी तर 8 नंबरच्या शेजारीच, त्याच कपाटात असते.